विषाद आणि वैराग्य

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक समारंभास जाण्याचा योग आला. सनईचौघडा नव्हता, तरी बाकीचें साहित्य यथासांग होतें. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांस शाल व श्रीफळ अर्पण झालें, एका हास्यमंडळानें हंसून दाखविलें, आणि शेवटीं अध्यक्षमहाशय बोलावयास उभे राहिले. गीतेचे दोन दाखले देऊन त्यांनीं जें प्रतिपादन केलें त्याचा मथितार्थ असा कीं, हल्लीं वृद्धांच्या डिप्रेशनचें जें अवडंबर माजलें आहे तें पाश्चात्य डॉक्टरांनीं उठविलेलें खूळ आहे; उतारवयांत माणसाचें मन संसारांतून निघणें हा सृष्टीचा नियम व आपल्या संस्कृतीचा आदेश होय; वाडवडिलांनीं या अवस्थेस वानप्रस्थ असें सुंदर नांव दिलें आणि आपण करंटे तिला रोग समजून गोळ्या गिळीत बसलों आहों. सभेनें टाळ्या वाजविल्या. आम्हींहि सभ्यतेच्या संवयीनें दोन वाजविल्या. त्या दोन टाळ्या परत घेण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

अध्यक्षमहाशय सज्जन आहेत, त्यांचें वाचन दांडगें आहे, आणि कोणाचें वाईट व्हावें असें त्यांच्या स्वप्नांतहि येत नसेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु सज्जनाच्या मुखांतून निघालेलें चुकीचें विधान घरोघर आदरानें पुन्हां बोललें जातें, आणि त्याचा परिणाम ज्यांच्यावर व्हावयाचा तीं माणसें बहुधा त्या सभेस आलेलींच नसतात. तीं घरीं असतात, भिंतीकडे तोंड करून.

या मताच्या मुळाशीं एक घोटाळा आहे आणि तो आपल्या भाषेनेंच घालून ठेवला आहे. 'उदास' हा शब्द संतवाङ्मयांत, विशेषतः रामदासी संप्रदायांत, विरक्ताचें भूषण म्हणून येतो. गीतेंतहि 'उदासीन' असणें हें भक्ताच्या लक्षणांत गणलें आहे. आजच्या बोलींत मात्र उदास म्हणजे खिन्न. 'आजी अलीकडे उदास असते' हें वाक्य नात बोलते ती एका अर्थानें आणि घरांतले वडीलधारे ऐकतात तें दुसऱ्या अर्थानें. आणि दुसरा अर्थ सोयीचा असल्यामुळें तोच टिकतो. वास्तविक या दोन अवस्था ओळखण्यास मोठेंसें शास्त्र लागत नाहीं. विरक्त मनुष्य साधें जेवतो, पण जेवतो, रात्रीं झोपतो, लेकरूं जवळ आलें तर त्याच्याशीं दोन शब्द बोलतो, आणि 'मी सर्वांना भार झालों' असें स्वतःला दिवसांतून दहा वेळां बजावीत नाहीं. आणि दाखलेच द्यावयाचे तर त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाचें नांव अर्जुनविषादयोग आहे, हें अध्यक्षमहाशय कसे विसरले? गात्रें गळालेला, तोंडाला कोरड पडलेला, हातांतलें धनुष्य टाकून बसलेला आणि वर आपल्या हतबलतेस धर्मबुद्धीचें नांव देणारा तो पुरुष पाहून, 'चला, यास वैराग्य प्राप्त झालें' असें म्हणत सारथ्यानें रथ माघारीं वळविला नाहीं. तो त्याच्याशीं बोलला. पुढचे सतरा अध्याय बोलला.

हें इतक्या तावातावानें लिहिण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेनें आलेला नाहीं. एका अपराधानें आला आहे. आमच्या आत्याबाई चौतीस वर्षें शाळेंत शिक्षिका होत्या. यजमान वारले, एकुलता मुलगा परदेशीं स्थायिक झाला, तेव्हां त्या आपण होऊन, कोणाचीहि मनधरणी न करतां, शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमांत राहावयास गेल्या. आश्रम स्वच्छ होता, भोजन बरें होतें, संध्याकाळीं भजन असे. आम्ही एकाआड एक रविवारीं भेटीस जात असूं. पहिलें वर्ष त्या आम्हांस दारांतच अडवून वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्याचा अडलेला शब्द विचारीत. पुढें कोडें सुटलें नाहीं तरी विचारीनाशा झाल्या. मग वर्तमानपत्र घडी न मोडतां उशाशीं पडूं लागलें. मग त्या भोजनगृहांत जाईनाशा झाल्या, ताट खोलींत येऊं लागलें आणि अर्धें परत जाऊं लागलें. 'मला आतां कांहीं नको' असें म्हणत. परत येतांना मोटारींत आम्ही एकमेकांस म्हणत असूं, आत्याबाई किती शांत झाल्या! त्यांच्या दाराशीं एक वही टांगलेली असे. रक्तदाब, साखर, नाडी, वजन, शौचास झाली कीं नाहीं, सारें तींत तारीखवार लिहिलेलें असे. सात महिन्यांत त्यांचें वजन नऊ किलोंनीं उतरलें, तेंहि तींत मोठ्या प्रामाणिकपणें नोंदलेलें होतें. झोप लागत नाहीं अशी तक्रार केल्यावरून आश्रमास भेट देणाऱ्या डॉक्टरांनीं झोपेची गोळी सुरू केली. त्या गोळीच्या गुंगींत एका रात्रीं मोरीकडे जातांना त्या पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें.

हाड बसविण्यासाठीं रुग्णालयांत नेलें तेथें एका तरुण डॉक्टरीणबाईनें खाटेच्या कडेला बसून, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश पंधरा साधे प्रश्न विचारले, ज्यांचीं उत्तरें होय किंवा नाहीं इतकींच द्यावयाचीं असतात. नवव्या-दहाव्या प्रश्नाशीं आत्याबाई रडूं लागल्या. आम्ही बाहेर येऊन, आश्रमांतून सोबत आलेल्या बाईंस विचारलें, हें केव्हांपासून आहे? त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासून. पहाटे तीनला उठून बसतात आणि रडतात. मी पाठीवर हात फिरवते. मला कोणी विचारलंच नाही हो." पुढें असेंहि निघालें कीं, आत्याबाईंच्या एका कानांत मळ घट्ट बसला होता व दुसऱ्यास यंत्राची गरज होती, भोजनगृहाच्या गलबल्यांत त्यांना कोणाचें कांहींच समजेना, चुकीचीं उत्तरें दिल्यावर शेजारणी हंसत, म्हणून त्यांनीं तेथें जाणें सोडलें होतें. आम्हीं ज्यास निवृत्ति समजत होतों तिची सुरुवात कानाच्या मळापासून झाली होती.

सहा महिन्यांच्या उपचारानंतर त्या पुन्हां कोडें सोडवूं लागल्या. चालणें पूर्ववत् झालें नाहीं. वॉकर कायमचा मागें लागला. एकदां त्या आम्हांस म्हणाल्या, "तुम्ही सगळे माझ्या शांतपणाचं इतकं कौतुक करीत होतां, कीं खरं सांगायची लाज वाटली." अध्यक्षमहाशयांचें भाषण ऐकतांना आम्हांस हें वाक्य आठवलें.

आतां हा एका घरचा अपवाद मानावा, तर तसेंहि नाहीं. वृद्धत्वाविषयींची जी मोठी देशव्यापी पाहणी २०१७-१८ सालीं झाली, जींत पंचेचाळीशीपुढील लोक व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक माणसें होतीं, तिच्या अहवालाप्रमाणें साठीपुढील ८.३ टक्के लोकांमध्यें या विकाराचीं लक्षणें आढळलीं. आणि हा विकार असल्याचें निदान आपणांस मिळालें आहे असें सांगणारे निघाले केवळ ०.८ टक्के. या दोन आंकड्यांपुढें अध्यक्षमहाशयांचीं दोन्ही विधानें टिकत नाहींत. डॉक्टरांनीं खूळ माजविलें असतें तर निदानें अधिक आणि दुःखी कमी असे दिसते. येथें उलट आहे. आणि खिन्नता हा वार्धक्याचा सृष्टिनियम असता, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्ध तिच्यावांचून कसे राहिले? केंस सर्वांचे पिकतात, दृष्टि बहुतेकांची मंदावते. परंतु हें दुःख थोड्यांच्याच वांट्यास येतें. जें थोड्यांस होतें आणि उपचारानें उतरतें, त्यास रोग म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें?

कायद्याकडे पाहावें तर तेथेंहि हीच दृष्टि. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयींचा २००७ सालचा कायदा प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्यसरकार 'स्थापन करूं शकेल' असें म्हणतो. या 'शकेल'वर एक स्वतंत्र लेख होईल, तो पुढें केव्हां तरी. त्याच कायद्यांत 'कल्याण' या शब्दाची जी व्याख्या आहे तींत अन्न आहे, आरोग्यसेवा आहे, करमणुकीचीं केंद्रें आहेत आणि इतर सोयी आहेत. मन बहुधा करमणुकींत जमा झालें असावें. २०२४ सालच्या आक्टोबरापासून सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्न न पाहतां, वर्षास पांच लाखांपर्यंत रुग्णालयांतील उपचारांची सरकारी सोय झाली, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. परंतु ती सोय खाटेवर दाखल झाल्यानंतरची. आत्याबाईंचें मोडलेलें हाड त्या योजनेंत बसलें असतें. ज्या जागरणामुळें गोळी आली आणि ज्या गोळीमुळें हाड मोडलें, तें जागरण घरीं येऊन ऐकणाऱ्या माणसाची मजुरी तींत बसली नसती.

येथें व्यवहारी वाचक म्हणतील कीं, देशांत मानसरोगतज्ज्ञ लाख लोकांमागें एकहि पुरता येत नाहीं, तर आश्रमोआश्रमीं आणि घरोघरीं कोण जाणार? आक्षेप रास्त आहे. उत्तर मात्र आपल्या शेजारींच, गोव्यांत, मिळालेलें आहे. तेथें डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनीं साठीपुढील १८१ माणसें निवडलीं, ज्यांना रोग जडला नव्हता पण त्याचीं पूर्वचिन्हें दिसत होतीं. निम्म्यांस नेहमींची सेवा. निम्म्यांकडे साधीं, डॉक्टर नसलेलीं, पण शिकवून तयार केलेलीं माणसें गेलीं. त्यांनीं तत्त्वज्ञान सांगितलें नाहीं. रोजच्या अडचणींचे तुकडे पाडून एकेक कसा सोडवावा, झोपेचें वेळापत्रक कसें लावावें, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यावी, आणि सरकारी व वैद्यकीय सोयी पदरांत कशा पाडून घ्याव्या, इतकेंच त्यांनीं शिकविलें. वर्षअखेर पहिल्या गटांतील ९० पैकीं १३ जणांस रोग झाला होता, दुसऱ्यांतील ९१ पैकीं चौघांस. २०१९ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्राझीलमधील ग्वारुल्योस शहरांत याहून मोठा प्रयोग झाला: ७१५ वृद्ध, सर्वांस रोग जडलेला, आणि आरोग्यसेविका त्यांच्या घरीं जाऊन सतरा आठवडे भेटी देत. आठ महिन्यांनीं भेटी मिळालेल्यांपैकीं ६२.५ टक्के बरे झाले, इतरांपैकीं ४४. आंकडे काळजीपूर्वक वाचावे; भेटी मिळूनहि पुष्कळ बरे झाले नाहींत, आणि गोव्याचा प्रयोग लहान होता. परंतु 'माणसेंच नाहींत' या सबबीचा आधार त्यांनीं निश्चित काढून घेतला आहे. ज्या गोव्यास आपण समुद्रकिनाऱ्यासाठीं जातों तेथून एवढी गोष्ट आणावयास आपणांस इतकीं वर्षें कां लागावीं?

मात्र आणणें म्हणजे उचलून आणणें नव्हे. शहरांतील सल्लागाराच्या दिवाणखान्यांत तीस वर्षांच्या नोकरदारास जो उपचार मिळतो, समोरासमोर खुर्च्या, पाऊणतासाचें संभाषण, आठवडाभर वहींत विचार टिपून आणण्याचा गृहपाठ, तो जसाच्या तसा ऐंशी वर्षांच्या बाईपुढें मांडला तर ती तो नम्रपणें नाकारील आणि आपण म्हणूं, पाहा, म्हाताऱ्यांना उपयोग नाहीं. तिला ऐकूं कमी येतें. म्हणून आधीं कान तपासावे, आणि बोलणाऱ्यानें उजेडांत, समोर बसावें. तिचे गुढघे दुखतात, लघवीस वारंवार जावें लागतें. म्हणून भेट वीस मिनिटांची असावी आणि तिच्या खोलींत असावी. तिला 'मन खिन्न आहे' असें बोलतां येत नाहीं, तशी तिला कधीं शिकवणच नव्हती. ती म्हणते छातींत भरून येतें, पोट साफ होत नाहीं, अंगांत कांहीं राहिलें नाहीं. ऐकणाऱ्यास ही भाषा यावयास हवी, आणि त्याबरोबर हेंहि ठाऊक हवें कीं खरोखरच थायरॉइड मंद असेल, रक्त कमी असेल, जीवनसत्त्व ब-१२ उणें असेल, तर तोच अशक्तपणा व तीच अनास्था दिसते. म्हणून रक्ततपासणी आधीं, उपदेश मागून. तिला छंद शिकवूं नये. तिचें काम तिला परत द्यावें. चौतीस वर्षें वह्या तपासलेल्या बाईस कागदी फुलें करावयास बसविणें हा करमणुकीच्या नांवाखालीं अपमान आहे. स्वयंपाक्याच्या मुलीचें शुद्धलेखन तपासावयास द्या, मग पाहा.

स्मृति ढासळूं लागली असेल तर काम अधिक कठीण, पण अशक्य नव्हे. न्यूयॉर्ककडील संशोधकांनीं ७४ वृद्धांवर केलेला एक लहान प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. विसरभोळेपणा व खिन्नता दोन्ही असलेल्या या माणसांच्या घरीं जाऊन, मोठ्या अक्षरांच्या दिनदर्शिका, आठवणीच्या चिठ्ठ्या आणि घरांतील सांभाळणाऱ्या माणसाचा सहभाग यांच्या जोरावर बारा आठवडे उपचार केला, तो नुसत्या धीराच्या बोलण्यापेक्षां सरस ठरला. उलट इंग्लंडमध्यें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ३२६ स्मृतिभ्रंशग्रस्त माणसांवरच्या प्रयोगांत खिन्नतेवरच्या दोन प्रचलित औषधांनीं नकली गोळीहून अधिक गुण दिला नाहीं. त्रास मात्र अधिक दिला. येथें अध्यक्षमहाशयांस आनंद होईल, म्हणून सांगून टाकतों कीं, गोळ्यांविषयींच्या त्यांच्या नावडींत तथ्याचा अंश आहे. वृद्ध शरीरांत कांहीं गोळ्यांनीं मीठ उतरतें, कांहींनीं लघवी अडते, कांहींनीं तोल जातो. परंतु स्मृति शाबूत असतां दुखणें तीव्र असेल, अन्न सुटलें असेल, मरणाची भाषा तोंडीं येत असेल, तेथें योग्य औषध, लहान मात्रेनें सुरू करून, जाणत्या देखरेखीखालीं, जीव वांचवितें. आणि मरणाची गोष्ट विचारावी. विचारल्यानें ती मनांत शिरते ही समजूत खोटी आहे. वृद्ध मनुष्य धमकी देत नाहीं, बहुधा एकदांच करतो.

सर्वांत अवघड भाग शेवटीं राहिला आहे, कारण तो आपल्या खिशाशीं संबंध ठेवतो. ज्या बाईस आपण नांव न विचारतां 'मावशी' म्हणतों, जी ब्यूरोमार्फत बारा तासांच्या पाळीवर येते, अंग पुसते, डायपर बदलते, भरवते आणि पहाटे तीन वाजतां जागी असते, तीच या सर्व उपचाराची कळ आहे. आत्याबाईंचा रोग तिला डॉक्टरांच्या सात महिने आधीं ठाऊक होता. तिला कोणीं शिकविलें नाहीं, तिच्या सांगण्यास वहींत रकाना नाहीं, आणि ब्यूरोचा वांटा वजा जाऊन तिच्या हातीं जें पडतें त्यांत तिनें आणखी मनहि सांभाळावें असें म्हणण्याचा आपणांस तोंडवळा नाहीं. तिला पंधरा दिवसांचें शिक्षण द्या, दर आठवड्यास तिचें म्हणणें ऐकून घेणारी एक जाणती परिचारिका द्या, दरमहा वेतन वाढवून द्या. आश्रमचालक म्हणतील, शुल्क वाढेल. वाढेल. ज्यांचीं मुलें आईसाठीं सरकता पलंग व भिंतीवरचा मोठा टीव्ही तक्रार न करतां विकत घेतात, त्यांना हेंहि परवडेल. ज्यांना परवडणार नाहीं त्यांच्यासाठीं सरकारनें 'शकेल' सोडून 'करील' म्हणावें. हारारे शहरांत डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं आरोग्यकेंद्रांच्या आवारांत बांक टाकून त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसविल्या, आणि त्या तरुणांचीं दुःखें ऐकून त्यांना वाट काढून देतात. २०१६ सालीं त्यांचें यश शास्त्रीय कसोटीस उतरलें. तेथें म्हातारी इतरांस बोलतें करते. आपण आपल्या म्हातारीस शाल देतों.

अध्यक्षमहाशयांनीं या लेखास उत्तर द्यावें. पुढील अंकांत त्यासाठीं जागा राखून ठेवण्याचें संपादकांनीं कबूल केलें आहे. उत्तर लिहिण्यापूर्वीं मात्र त्यांनीं संघाचा हजेरीपट एकदां काढावा. गेल्या वर्षीं जे सभासद बुधवारच्या बैठकीस येत होते आणि यंदां येत नाहींत, त्यांचीं नांवें आमच्या मोजणीप्रमाणें अकरा भरतात. तिघे निवर्तले, दोघे मुलांकडे गेले. उरलेले सहा याच गांवांत आहेत. त्यांच्यापैकीं किती जणांच्या घरीं संघातर्फे कोणी जाऊन आलें, तेवढा आंकडा उत्तरांत द्यावा.